दर पावसाळ्यात बदकाची पिल्लं गटारात पडतात, त्यावर आम्हाला सापडलेला उपाय

सलग चार पावसाळे आमच्या वसाहतीत एकच प्रकार झाला. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये, एखाद्या सकाळी मुलं धावत यायची, "पिल्लं पडली, पिल्लं पडली." बाहेर जाऊन बघावं तर रस्त्याच्या कडेच्या गटारात बोटभर उंचीची आठ-दहा पिल्लं पाण्याच्या लोटाबरोबर वाहत चाललेली, वरून आईबाप शिट्ट्या घालत घिरट्या मारतायत, भिंतीवर कावळे जमलेत आणि फाटकाशी कुत्री. कुणीतरी गटारात उतरून हाताला लागतील तेवढी पिल्लं बादलीत भरायचं. बादलीत पाणी, पाण्यात पावाचे तुकडे. संध्याकाळपर्यंत त्यातलं एकही जगायचं नाही.

मग बैठक. ढोली बुजवा, फांदी तोडा, अंडी आधीच काढून दुसरीकडे ठेवा, वनखात्याला कळवा, तळीच बुजवून टाका म्हणजे बदकंच येणार नाहीत. चार वर्षं हीच चर्चा झाली. पाचव्या वर्षी, म्हणजे गेल्या पावसाळ्यात, नऊ पिल्लं झाडावरून उतरली आणि नऊच्या नऊ तळीत पोचली. आम्ही काय बदललं ते सविस्तर लिहिते आहे, कारण किनाऱ्यावर जिथे जिथे भाताचे मळे बुजवून घरं झाली आहेत, तिथे हा प्रश्न कुणाला ना कुणाला येतोच.

जागा डोळ्यासमोर यावी म्हणून सांगते. आमची वसाहत वेंगुर्ल्याच्या बाहेर आहे, बावीस घरांची. एका टोकाला जुना रायवळ आंबा, त्याच्या खोडाला साधारण दोन माणूस उंचीवर ढोली. दुसऱ्या बाजूला कुंपणापलीकडे तळी, झाडापासून दीडशे पावलांवर. दोन्हींच्या मध्ये सिमेंटचा रस्ता, दीड फूट खोल गटार आणि चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, गिलावा केलेली भिंत. पूर्वी इथे नुसता मळा होता, मधून पाण्याचा पाट जायचा.

पहिल्यांदा पक्षी कोणता ते ओळखा

आम्ही दोन वर्षं यातच चुकलो, कारण पावसाळ्यात कोकणात घराजवळ पिल्लं काढणारे पाणपक्षी एकाच जातीचे नसतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा.

झाडावर घरटं असेल तर ती बहुतेक अडई. लालसर तपकिरी रंगाचं, अर्धा किलोच्या आसपास वजनाचं छोटं बदक. नर-मादी सारखेच दिसतात. उडताना बारीक, दोन सुरांची शिट्टी घालतं, आणि हिंडणं-चरणं बरंचसं रात्री. आमच्या वॉचमनने पहिल्या वर्षी रात्री दोन वाजता उठवून सांगितलं होतं, की मळ्यात कुणीतरी एकमेकांना शिट्टीने खुणा करतंय. चोर समजून चार जण बॅटरी घेऊन गेले होते. ती अडईच होती. तुमच्याकडे आषाढात रात्री डोक्यावरून शिट्ट्या जात असतील, तर घरटं जवळपास आहे असं धरून चाला. ही बदकं झाडाच्या ढोलीत, कावळ्या-बगळ्यांच्या जुन्या घरट्यात, कधी माडाच्या शेंड्यात झावळ्यांच्या बेचक्यात अंडी घालतात. क्वचित पाण्याकाठच्या दाट गवतातही.

चोचीच्या बुडाशी लाल ठिपका आणि टोकाला पिवळा रंग असेल तर ते हळदी-कुंकू बदक. हे आकाराने मोठं, जवळजवळ गावठी बदकाएवढं. हे जमिनीवर गवतात घरटं करतं, आणि उबवण्याचं काम एकटी मादी करते. मादी चरायला जाताना अंडी आपल्या मऊ पिसांनी झाकून जाते. त्यामुळे "अंडी टाकून गेली बिचारी" असं म्हणून ती उचलू नका. ती येते.

आणि पिल्लं अगदी काळीभोर, कापसाच्या गोळ्यासारखी असतील, सोबत पांढऱ्या छातीचा लांब पायांचा पक्षी शेपटी हलवत असेल, तर ती पाणकोंबडी. ते बदकच नव्हे. तिची पिल्लं झुडपातून आपली वाट काढतात, तुम्ही कुत्रं बांधलंत की काम झालं. अडईची पिल्लं काळपट असतात पण अंगावर पांढुरके पट्टे असतात, त्यावरून लगेच फरक कळतो.

पुढचं बहुतेक सगळं अडईबद्दल आहे, कारण वसाहतींमध्ये जास्त त्रास तिच्याच पिल्लांना होतो.

मूळ चूक कुठे होती

आम्ही सगळे घरट्याकडे बघत होतो. घरट्याला काहीच झालं नव्हतं. दर वर्षी अंडी उबत होती, पिल्लं निघत होती, झाडावरून खालीही सुखरूप येत होती. घात होत होता तो झाडाच्या बुंध्यापासून तळीपर्यंतच्या दीडशे पावलांत.

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेजारच्या वाडीतले एक आजोबा, ऐंशीच्या पुढचे, चौथ्या वर्षी गटाराच्या काठावर उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "गो, ती हयसूनच जातत. आमच्या लहानपणी हय पाट होतो, पिल्लां पाटात उतरून तळयेत जायत. गडगो तुमी घातलास." गडगो म्हणजे दगडी कुंपण. तेवढंच बोलून ते गेले. मी मात्र घरी येऊन जुना सात-बारा आणि नकाशा काढला. पाट खरोखर आंब्याच्या बुडातूनच जात होता. त्याच जागी आज गटार आहे.

बदकाचं पिल्लू चिमणीच्या पिल्लासारखं घरट्यात बसून चोच वासत नाही. अंड्यातून बाहेर येताना त्याचे डोळे उघडे असतात, अंगावर लव असते, आणि एका दिवसात ते चालतं, पोहतं, स्वतः टिपून खातं. आईबाप त्याला भरवत नाहीत, फक्त पाण्यापर्यंत नेतात आणि राखण करतात. म्हणून पिल्लं फुटल्यावर दिवसभरात घरटं सोडणं त्यांना भागच असतं. ढोलीतून ती एकामागून एक खाली उडी टाकतात. वजन एवढं कमी आणि लव एवढी दाट, की मातीवर, गवतावर पडली तर त्यांना काही होत नाही. आम्ही पहिल्या वर्षी खाली जाळं धरलं होतं, आणि त्या जाळ्याच्या दोऱ्यात दोन पिल्लांचे पाय अडकले. जाळं लावू नका. खाली सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक असेल तर त्यावर भाताचा पेंढा टाका, वीतभर जाड. पुरे.

तारीख कशी काढायची

सगळ्या तयारीला तीन-चार दिवस लागतात आणि ती महिनाभर लावून ठेवता येत नाही. त्यामुळे पिल्लं कधी उतरणार याचा अंदाज हवाच.

अडई सात ते बारा अंडी घालते, रोज एक. सगळी घालून झाल्यावरच उबवायला बसते, म्हणून पिल्लं जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. उबवायला बावीस ते चोवीस दिवस. नर आणि मादी आळीपाळीने बसतात. यातच खूण आहे. अंडी घालायच्या काळात तळीवर जोडी एकत्र दिसते. ज्या दिवसापासून दिवसभर एकच पक्षी दिसायला लागतो, दुसरा दिसतच नाही, त्या दिवशी उबवणं सुरू झालं असं समजायचं. मी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल केला आणि पुढे वीस दिवस मोजले. विसाव्या दिवसापासून रोज पहाटे साडेपाचला खिडकीत. आमची पिल्लं तेविसाव्या दिवशी, पाऊस थांबून उजाडल्यावर उतरली.

एक विनंती. घरटं बघायला शिडी लावू नका, रोज झाडाखाली उभे राहू नका, मोबाईल काठीला बांधून ढोलीत घालू नका. कावळे माणसांवर नजर ठेवून असतात. आम्ही जिथे रोज वर बघायचो, तिथे आठवड्यात कावळ्यांची जोडी येऊन बसायला लागली होती.

गटार

सगळ्यात जास्त पिल्लं इथे गेली, म्हणून इथे थोडं थांबते.

आमचा पहिला उपाय होता अख्ख्या गटारावर कोंबड्यांची जाळी मारणं. पहिल्याच मोठ्या सरीला आंब्याची आणि फणसाची पानं जाळीवर बसली, पाणी रस्त्यावर आलं, दोन घरांच्या अंगणात शिरलं. लोकांनी जाळी उचकटून टाकली, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. शिवाय त्या षटकोनी छिद्रांतून पहिल्या दिवसाचं पिल्लू आरपार जातं.

आता आम्ही अख्खं गटार झाकत नाही. बदकं जिथे ओलांडतात तेवढाच बारा फुटांचा पट्टा जुन्या फळ्या टाकून झाकतो. पट्टा कुठला ते कसं कळलं? आईबाप नेहमी आडोशाने चालतात. झाडापासून गटारापर्यंत जिथे गवत आणि तेरडा उंच आहे, त्याच रेषेत ते येतात. म्हणून आम्ही उलटं केलं. आपल्याला हव्या त्या रेषेत हातभर रुंद गवत राखून ठेवलं, बाकीचं कापलं. ते त्या गवतातूनच आले. तुमच्याकडे ग्रासकटर मशीन फिरवणारा माणूस येत असेल तर त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर नेमकं तेच साफ करून जातो.

तरीही एखादं पिल्लू बाजूने घसरून पडतंच. त्याच्यासाठी गटारात चढायची फळी हवी. आमची फळी पाच फूट लांब, वीतभर रुंद. दीड फूट उंची चढायला एवढी लांबी लागते, कमी लांबीची ठेवलीत तर चढण उभी होते. नुसती लाकडाची फळी पावसात बुळबुळीत होते, म्हणून तिच्यावर सुंभ गुंडाळलं, वेढ्यामध्ये बोटभर अंतर सोडून. मी जवळून पाहिलं आहे, पिल्लू आधी छाती फळीला टेकतं, मग पायाची नखं सुंभाच्या पिळात रुतवतं, एक वेढा चढतं, थांबतं, पुढचा वेढा. काथ्याच्या केसाळ दोऱ्यावर त्याचा पाय घसरत नाही. प्लॅस्टिकची दोरी गुंडाळून पाहिली होती, तिच्यावरून ते परत पाण्यात जात होतं.

फळी कुठे ठेवायची हे महत्त्वाचं. पिल्लू पाण्याच्या ओढीबरोबर खालच्या अंगाला जातं, वर पोहू शकत नाही. म्हणून फळी ओलांडायच्या जागेपासून खालच्या बाजूला, आणि तिच्या पुढे लगेच, मोरीच्या तोंडाशी, अर्ध्या इंचाची वेल्डमेश. जाळी नसेल तर पिल्लू फळीकडे न वळता सरळ मोरीच्या पाइपात जातं, आणि तिथून काढणं अशक्य. ही जाळी फक्त तीन-चार दिवस लावायची आणि दिवसातून दोनदा पानं काढायची. त्या कामाची आम्ही घरांप्रमाणे पाळी लावली. काम झालं की जाळी काढून ठेवायची, म्हणजे पाणी तुंबल्याची तक्रार येत नाही.

लोखंडी जाळीची झाकणं असतील तर तेवढे दिवस त्यांच्यावर शेडनेटचा तुकडा अंथरा आणि चारही कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे ठेवा.

भिंत

जुन्या गडग्यात फटी असायच्या, त्यातून कोंबडी, मुंगूस, पिल्लं सगळं जायचं. गिलावा केलेल्या भिंतीला फटच नाही. आईबाप उडून पलीकडे जाऊन हाका मारतात, पिल्लं भिंतीच्या बुडाशी येरझाऱ्या घालतात, आणि कावळे तिथेच त्यांना उचलतात.

आम्ही भिंतीच्या तळच्या थरातला एक चिरा काढला. तेवढं भोक अडईला भरपूर होतं. एरवी तो चिरा जागेवर बसवलेला असतो, त्यामुळे भटक्या कुत्र्यांना वाट होत नाही, आणि ज्यांना सापाची भीती वाटते त्यांचंही समाधान होतं. पण नुसतं भोक पाडून भागलं नाही. बदकांना ते तिथे आहे हे कळायला हवं. भोकाच्या दोन्ही बाजूंनी आम्ही झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, उभी केली, सुरुवातीला सहा-सात फूट अंतरावर आणि भोकाशी येईपर्यंत चिंचोळी होत जाणारी गल्ली. जोडीतला एक पक्षी त्या झापांच्या कडेकडेने चालत आला, भोकाशी मान खाली घालून पलीकडे बघितलं, क्षणभर थांबला आणि गेला. मागोमाग पिल्लांची रांग. दुसरा भिंतीवर बसून होता.

भिंत तुमची नसेल किंवा चिरा काढता येत नसेल, तर त्या सकाळी तळीकडचं फाटक उघडं ठेवा आणि झापांची गल्ली फाटकाकडे न्या.

विहीर आणि शेततळी

मळ्यातली काठ नसलेली विहीर वाटेत असेल तर तिच्यावर झापं टाकून झाका. तरी पडलंच तर आत केळीचा खुंट टाकून ठेवा. तो तरंगतो आणि पिल्लू त्यावर चढून बसतं, मग दोरीला टोपली बांधून काढता येतं. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात एका कोपऱ्यात काठापासून पाण्यापर्यंत जुनी काथ्याची चटई सोडा. तिथे मोठे प्राणीही बुडतात, त्यांनाही उपयोग होतो.

त्या सकाळी माणसांनी काय करायचं

कुत्री आणि मांजरं आदल्या रात्रीपासून बांधलेली. ओला कचरा झाकणबंद, म्हणजे कावळे गोळा होत नाहीत. गाड्या अर्धा तास थांबवायच्या, दूधवाल्याला आणि शाळेच्या व्हॅनला आदल्या दिवशी फोन. माणसं तीस पावलं लांब, मुलं खिडकीत. टाळ्या वाजवून हाकलायचं नाही. घाबरली की आई उडते आणि पिल्लं दाही दिशांना पांगतात, मग ती एकत्र यायला तास जातो. चुकीच्या दिशेला निघालीच, तर एका माणसाने झाप जमिनीला टेकवून धरावं आणि लांबून, अगदी सावकाश त्या बाजूला उभं राहावं. ती आपणच वळतात.

आमच्याकडे झाडाच्या बुंध्यापासून तळीपर्यंत बावीस मिनिटं लागली. शेवटचं पिल्लू पाण्यात उतरलं तेव्हा कुणी ओरडलं नाही. मुलांनी खिडकीतून बोटांवर मोजून नऊ दाखवले.

एकटं पिल्लू सापडलं तर

आधी घाई करू नका. आसपास शिट्टी ऐकू येते का बघा. अडईचा नरही पिल्लांबरोबर राहतो, त्यामुळे एक पक्षी गाडीखाली गेला तरी दुसरा असतो. पिल्लू हाताने उचललं म्हणून आईबाप त्याला टाकून देतात ही समजूत खरी नाही. उचला, कोरड्या फडक्यात घ्या, पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात ठेवा आणि आईबाप दिसतील तिथे, पाण्याच्या काठाला, खोकं आडवं करून मागे या. हात साबणाने धुवा.

बादलीत पाणी भरून त्यात पिल्लू सोडू नका. आम्ही जी पिल्लं मारली ती अशीच मारली, प्रेमाने. बदकाचं पिल्लू पोहतं हे खरं, पण पहिल्या दिवसांत त्याची लव पाणी रोखून धरायला पुरेशी नसते. ते थोडा वेळ पोहून आईच्या पोटाखाली शिरतं, ऊब घेतं, कोरडं होतं. बादलीत चढायला जागा नाही, आई नाही. लव भिजते, अंग गार पडतं, आणि मान टाकतं. गार पडलेलं पिल्लू दिसलं तर आधी कोरडं करा, खोक्याबाहेर बाजूला साधा बल्ब लावून ऊब द्या.

खायला काही देऊ नका. अंड्यातल्या बलकाचा साठा त्याच्या पोटात शिल्लक असतो, दिवसभर त्याला अन्न लागत नाही. दूध तर मुळीच नको. चोचीत पाणी टाकू नका, श्वासनळीत जातं. आईबाप सापडलेच नाहीत, किंवा पक्षी जखमी असेल, तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवा. घरी वाढवू असं म्हणू नका. ही पिल्लं पहिल्या दिवसांत ज्याच्या मागे चालतात त्यालाच आपलं समजतात, आणि माणसाच्या मागे चालायला शिकलेलं बदक पुढे कुत्र्यालाही घाबरत नाही.

गावठी कोंबडीखाली अंडी ठेवून पिल्लं काढायची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. मला त्यामागचा लळा समजतो. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी काढणं आणि घरट्याला धक्का लावणं हेही येतं. म्हणजे बैठकीत "अंडी हलवू" असं जे आम्ही सहज बोलत होतो, ते शिकारीच्या जोडीला बसतं.

तळीवर पोचल्यानंतरची गोष्ट वेगळी. नवातली सहा पिल्लं मी पंधरा दिवसांनी मोजली, उडायला लागेपर्यंत पाच राहिली. घार आहे, धामण आहे, मोठा मासा आहे. त्यात आपण पडायचं नाही. आपण थांबवू शकतो ते एवढंच, की तळीत मासे धरायला लावलेली जाळी रात्रभर सोडून जाऊ नयेत, हॅलोजनचा झोत पाण्यावर नसावा आणि पाव-कुरमुरे टाकायला मुलांना पाठवू नये. पाव पाण्यात कुजतो, आणि वाढत्या पिल्लाला नुसतं असलं खाणं मिळालं तर पंखाचं टोक बाहेर वळतं, मग ते उडत नाही. तळीत पाणवनस्पती, गोगलगायी, किडे, भाताचे दाणे आहेत. त्यांना त्यावरच वाढायचं असतं.

ज्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत

मळा कसणाऱ्या शेजाऱ्यांची तक्रार मी कधीच हसण्यावारी नेली नाही. अडई रात्री तरव्यात, म्हणजे भाताची रोपं करायच्या वाफ्यात, उतरते आणि पेरलेलं बी टिपते. बी रुजेपर्यंतचे आठ दिवस तरव्यात पाणी साचू न देणं आणि वरून चमकत्या फिती बांधणं, एवढ्याने त्यांचं नुकसान पुष्कळ कमी झालं. फितींचा खर्च आम्ही वसाहतीच्या वर्गणीतून दिला. तेव्हापासून तेच आम्हाला जोडी आल्याचं कळवतात.

नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याला आधीच सांगून ठेवा. शेंड्यात बदक बसलं असेल तर तो माड त्या फेरीला सोडायचा, पुढच्या फेरीला दोन्ही पाडप एकदम. आमच्या पाडेल्याने स्वतःहून माडाला लाल चिंधी बांधून ठेवली. ज्या झाडात घरटं आहे त्याला घोरपड किंवा मांजर चढत असेल, तर उंदरांसाठी माडाला गुंडाळतात तसा पत्र्याचा पट्टा छातीच्या उंचीवर बांधा, खिळे न मारता तारेने. शेजारच्या झाडाची फांदी टेकलेली असेल तर त्याचा उपयोग नाही, आधी ती फांदी छाटा, पण जूनच्या आधी.

तीच गोष्ट ढोलीची. ती बुजवायचीच असेल, म्हणजे झाड खरोखर वाहत्या रस्त्यावर असेल आणि पलीकडे पाणीच उरलं नसेल, तर चैत्र-वैशाखात बुजवा. जोडी आल्यावर नाही.

तळीवर एकाच वेळी अनेक पक्षी मरून पडलेले दिसले तर मात्र वरचं सगळं विसरा. हात लावू नका, मुलांना आणि घरच्या कोंबड्यांना लांब ठेवा आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा. 2006 साली नवापूरला देशातली बर्ड फ्लूची पहिली साथ कोंबड्यांमध्ये आली होती, तेव्हापासून या खात्याकडे त्याची व्यवस्था आहे. एखादं पिल्लू गटारात पडून मेलं तर तो प्रकार वेगळा.

यंदाचं सामान मीटरच्या खोलीत ठेवलं आहे: सुंभाच्या दोन फळ्या, वेल्डमेशचा तुकडा, शेडनेट, बारा फुटांच्या फळ्या. झापं दर वर्षी नवी विणावी लागतात, जुनी ऑक्टोबरपर्यंत कुजतात. सुंभावर शेवाळ धरलं आहे, ते मृगाआधी काढून नवं गुंडाळायचं आहे. भिंतीतला चिरा सैल आहे, त्याला कुणी सिमेंट लावू नये म्हणून त्यावर खडूने बदक काढून ठेवलं आहे.